सुमनवहिनींच्या नावाची पाटी

सुमनवहिनी. माझ्या थोरल्या भावाची बायको, राहणार वालूरजवळची आमची वाडी, तालुका सेलू, जिल्हा परभणी. हे नाव आधी लिहून टाकतो, मग बाकीचं. संपादकांनी सांगितलं होतं, ‘संस्थेतले अनुभव लिहा, देशोदेशीची मोठी माणसं पाहिलीत तुम्ही.’ पाहिली खरी. पण त्या माणसांपर्यंत मला ज्यांनी पोचवलं त्या चुलीपुढं बसल्या होत्या, आणि लिहिण्याच्या भरात त्यांचं नाव शेवटच्या ओळीत ढकललं जाईल अशी मला धास्ती वाटते. धास्ती वाटणं हा माझा स्वभावच आहे. दिवा बंद केला का, हे बघायला मी जिना उतरल्यावर परत वर जातो. त्यामुळं नाव आधी.

माझी शाळा सातवीनंतर सुटली. आई-वडील दरसाल ऊसतोडीला जात, त्या साली मीही गेलो. परत आलो तोवर वर्ग पुढं निघून गेला होता आणि लहान पोरांत जाऊन बसायची मला लाज वाटली. त्याच उन्हाळ्यात वहिनी लग्न होऊन घरात आल्या. दहावी झालेल्या. मी त्यांच्यापेक्षा लहान, तरी पहिल्या दिवसापासून त्यांनी मला ‘भावजी’च म्हटलं. चुलीतली राख पाटावर पसरून त्यांनी मला इंग्रजी अक्षरं गिरवायला लावली. मी म्हणायचो, “वहिनी, कोयता धरणाऱ्याला हे कशाला?” त्या म्हणायच्या, “कोयता कुठं पळून चाललाय? तो हायेच. हे बी असूद्या.”

त्यांचा भाऊ पुण्यात एका विद्यापीठात रखवालदार होता. पुढच्या हंगामाला टोळीची गाडी निघायच्या आधीच वहिनींनी मला भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून देवगाव फाट्यावरून पुण्याच्या एसटीत बसवलं. घरात त्यावरून काय झालं, ते मला पुष्कळ वर्षांनी कळलं. वहिनी त्याबद्दल कधी बोलल्या नाहीत, म्हणून मीही इथं लिहीत नाही.

विद्यापीठाच्या मागच्या अंगाला एक दुमजली इमारत आहे. तिथं ही संस्था. वहिनींच्या भावानं पुढं मला तिथंच कामाला चिकटवलं. जगातले देश एकमेकांशी कसे वागतात, का भांडतात, का जुळवून घेतात, याचं शिक्षण तिथं मिळतं. गावाकडं कुणी विचारतं, “म्हंजे नेमकं काय करतेत तिथं?” मी सांगतो, “बोलतात.” “आन् मग?” “मग परत बोलतात.” लोक हसतात. पण काम खरोखर तेवढंच आहे. ज्या दोन देशांच्या सरकारांचं आपसात पटत नाही, त्यांच्याकडचे प्राध्यापक, निवृत्त अधिकारी, विद्यार्थी यांना एका खोलीत आणायचं आणि बोलतं करायचं. तिथं ठरलेलं कुणावर बंधनकारक नसतं. म्हणून तर माणसं तोंड उघडतात. एरवी वर्ग चालतात, व्याख्यानं होतात. शाळांची पोरं येतात आणि दिवसभरासाठी एकेक देश होऊन सभा भरवतात. आठवीतली एखादी पोरगी फ्रान्स होते आणि डबा खायच्या सुट्टीतही फ्रान्सच राहते, शेजारणीला लोणचं देत नाही.

माझ्याकडं सभागृह. कागदावर ‘सहायक’, बोलीत शिपाई. टेबल गोल आहे, कारण गोल टेबलाला डोकं नसतं आणि शेपूटही नसतं. तरी माणूस आपलं डोकं शोधतोच. आमच्या खुर्च्यांना उंची कमी-जास्त करायचा खटका आहे. एकदा एका पाहुण्यांना वाटलं, समोरचे आपल्यापेक्षा उंच दिसतात. त्यांनी खटका दाबून स्वतःला वर घेतलं. ते बघून समोरच्यांनी घेतलं. दुपारपर्यंत दोघांचेही पाय लोंबकळत होते आणि जगातल्या शांततेवर चर्चा चालली होती. तेव्हापासून प्रत्येक सुट्टीत मी गुडघ्यावर बसून सगळ्या खुर्च्या एका उंचीवर आणतो. पाहुणे परत येतात, पाय जमिनीला लागतात, कुणी काही बोलत नाही.

दुसऱ्या एका वेळी दोन मोठे पाहुणे दाराबाहेरच अडले. आधी आत कुणी जायचं? दोघंही हसून ‘आपण आधी’ म्हणत होते आणि एकही हलत नव्हता. मी घाबरत घाबरत पँट्रीचं दार उघडलं. एक पुढच्या दारानं गेले, दुसरे माझ्या चहाच्या पातेल्याशेजारून. दोघं एकदमच टेबलाला पोचले. जाताना पातेल्याशेजारून गेलेले पाहुणे मला म्हणाले, “तुमच्या दाराला वास चांगला येतो.”

आणि नावाच्या पाट्या. प्रत्येकापुढं देशाचा छोटा झेंडा, पाण्याचा झाकलेला पेला, आणि इंग्रजीत नाव लिहिलेली उभी पाटी. राखेतली अक्षरं इथं कामाला आली. तरी सातवीतनं सुटलेला माणूस मी. चूक झाली तर, या भीतीनं प्रत्येक पाटी बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचतो.

बोलायचीही रीत आहे. समोरच्याशी थेट बोलायचं नाही. जे काय असेल ते अध्यक्षांना सांगायचं. ‘अध्यक्ष महोदय, माझ्या मित्रांना बहुधा माहीत नसावं की...’ मित्र हातभरावर बसलेले असतात, सगळं ऐकत असतात. पण शब्द अध्यक्षांना वळसा घालून जातो आणि वळशात त्याची धार थोडी बोथट होते. बैठक कशी चालली आहे, हे मला भाषा न कळता कळतं. कप भरलेले परत आले की समजावं, आत बिघडलंय. रिकामे आले की बरं चाललंय.

आता ती गोष्ट.

एका नदीवरचे दोन देश होते. नावं सांगत नाही, आमच्या कामात ते बसत नाही. एक वरचा, एक खालचा. वरच्यांचं धरण, खालच्यांची तक्रार. आमच्या संचालक मॅडमनी पुष्कळ वर्षं पत्रं लिहून, फोन करून दोन्हीकडची माणसं एकत्र आणली होती. मॅडमचं ते निवृत्तीचं वर्ष. ही बैठक नीट झाली तर दरवर्षी व्हायची, मोडली तर पुन्हा कुणी त्या फंदात पडणार नव्हतं. वरच्यांचे प्रमुख जाड चष्म्याचे एक प्राध्यापक. खालच्यांच्या प्रमुख पिकल्या केसांच्या उंच बाई, त्यांच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्या.

अध्यक्ष मॅडमच. दोन दिवस बरं चाललं. तिसऱ्या दिवशी प्राध्यापक अध्यक्षांना विसरले. बोट बाईंकडं करून थेट काहीतरी बोलले. नंतर कळलं ते असं, की तुमच्याकडं पूर येतो तो तुमच्या ढिलाईनं. बाई ओरडल्या नाहीत. त्यांनी आपली नावाची पाटी उचलली, टेबलावर पालथी ठेवली आणि बाहेर गेल्या.

इतक्या वर्षांत मी असं पाहिलं नव्हतं. कप सगळे भरलेले परत आले. मी टेबल आवरलं, पण त्या पाटीला हात लावला नाही. ती सरळ करणं माझ्या हातात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कालव्याचं पाणी बघायला न्यायचं आधीच ठरलं होतं. आणि कुठं? तर आमच्या वाडीला! मॅडमनी मला महिनाभर आधी विचारलं होतं, “तुमच्याकडे कालवा आहे ना? लोक पाणी कसं वाटून घेतात ते दाखवता येईल?” मी ‘हो’ म्हणून बसलो होतो. आता मॅडम पँट्रीत आल्या, स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, “जावं की रद्द करावं? तुमच्या घरच्यांना त्रास नको.”

मला धास्ती होती ती वेगळ्याच कारणाची. आमच्याच घरात पाण्यावरून बोलणं बंद होतं. आबा, म्हणजे माझे चुलते, त्यांचं शेत चारीला, म्हणजे कालव्याच्या पोटपाटाला, वर, आमचं खाली. पाळीच्या पाण्यावरून आबा आणि माझा भाऊ, दादा, यांचं कधीचं बिनसलेलं. पाहुण्यांपुढं तिथंच जुंपली तर? मी वहिनींना फोन लावला.

“वहिनी, दोन गाड्या यायल्यात. पण दोन्ही गाड्यांतली माणसं एकमेकांशी बोलत न्हाईत.”

“बरं मग?”

“आन् आपल्याकडं दादा आन् आबा...”

“भावजी, बोलत न्हाईत म्हणून आपल्याकडं कुणाचं जेवायचं राहिलंय का? हुरडा आलाय. घेऊन या. वरच्या देशाचे आबाच्या आगटीवर बसवू, खालचे आपल्या आगटीवर. मी मधी बांधावर बसते. ज्याला बोलायचं आसंल त्यानं मला सांगावं.”

मी मॅडमना एवढंच म्हणालो, “वहिनी म्हणतात, या.”

पहाटे निघालो. देवगाव फाट्यावर चहाला थांबलो, तर एक गाडी रस्त्याच्या या कडेला, दुसरी त्या कडेला. दोन टपऱ्या, दोन घोळके, आणि मध्ये रस्ता ओलांडत मी. आमची एक विद्यार्थिनी होती सोबत, जिंतूरची पूजा, मराठीचं इंग्रजी करायला घेतलेली. ती हळूच म्हणाली, “काका, तुमी सकाळपासून सीमा ओलांडायलाव, पासपोर्ट हाय का?” मला हसू आलं नाही.

शेतात पोचलो. आगटी म्हणजे जमिनीत खोदलेला खड्डा. त्यात गोवऱ्यांचा विस्तव करून ज्वारीची कोवळी कणसं भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची आणि फुंकून दाणे समोरच्याला द्यायचे. बांधाच्या वरच्या अंगाला आबांची आगटी, खालच्या अंगाला आमची, मध्ये बांधावर डोक्यावर पदर घेतलेल्या वहिनी. गूळ, तिळाची चटणी, दही दोन्हीकडं सारखं. पाहुणे आपापल्या बाजूला पोत्यांवर बसले. बाई आमच्याकडं, प्राध्यापक आबांकडं. मॅडम वहिनींच्या शेजारी.

दादा कणसं चोळत म्हणाला, “अगं, सांग तुझ्या सासऱ्याला, पावण्यांना गूळ कमी पडायलाय. तेंच्याकडं भेली हाय.”

आबा तिथून चार हात अंतरावर. म्हणाले, “सूनबाई, सांग त्याला, भेली कवाच धाडलीय. जरा डोळे उघडून बघ म्हनाव.”

पूजा इमानदारीत सगळं इंग्रजीत सांगत होती. ‘सूनबाई, सांग त्याला’सकट. बाईंनी कान दिला, मग विचारलं, “ते दोघं समोरासमोरच बसलेत ना? मग मध्ये या कशाला?”

पूजा म्हणाली, “त्या अध्यक्ष आहेत.”

मॅडमनी ओठ घट्ट मिटून हसू आवरलं. प्राध्यापक चष्मा पुसायला लागले. पण बाई हसल्या नाहीत, आणि प्राध्यापकांनी बांधापलीकडं बघितलं नाही. मी कणसं नेऊन देत होतो, आणि टेबलावरची ती पालथी पाटी काही डोळ्यांपुढून हलत नव्हती.

तेवढ्यात आमच्या आगटीतून चर्र आवाज आला. धूर उसळला. खाली बघतो तर बांधाच्या बिळातून पाणी! आधी बोटभर, मग चांगली धार. खड्डा भरला, गोवऱ्या तरंगायला लागल्या, पोती भिजली. बाई चपला हातात घेऊन उभ्या राहिल्या. खालच्या देशाची सगळी मंडळी चिखलात.

दादा वहिनींना विसरला. कधी नव्हे ते थेट ओरडला, “आबा! चारीचं दार कुणी उघडलं?”

आता झालं, असं वाटलं. सगळं इथंच मोडणार, आमच्याच शेतात.

आबा उठले. पण दादाकडं न बघता म्हणाले, “सूनबाई, सांग त्याला, म्या उघडलं. पावणे एवढ्या लांबून पाणी बघायला आलेत. तेंच्यापुढं कोरडी चारी दावायची व्हय? आपल्या गावाची काय इज्जत राहिली?”

“आवं पण उघडायच्या आधी सांगायचं न्हाई का?” दादा म्हणाला.

“कुणामार्फत सांगू?” आबांचा आवाज चढला. “सूनबाई सकाळधरून दही घुसळायलीत, चटणी कुटायलीत. तेंनाच फुरसत न्हाई, तर तुला सांगावं कुणी?”

पूजानं ते इंग्रजीत सांगितलं. शेवटचं वाक्य सांगताना तिचा आवाज हसण्यानं फुटला. मग बांधापलीकडून एक विचित्र आवाज आला. प्राध्यापक हसत होते. आधी दाबून, मग पोट धरून. आणि चिखलात उभ्या बाई, हातात चपला, त्यांनी मॅडमकडं वळून म्हटलं, “अध्यक्ष महोदया, ‘उघडायच्या आधी सांगायचं नाही का’, आमच्या देशाचं म्हणणं बरोबर एवढंच आहे.”

प्राध्यापक डोळे पुसत म्हणाले, “आणि ‘कुणामार्फत सांगू’, हे आमचं उत्तर.”

आता बाईही हसल्या. दादा आणि आबा मात्र गोंधळले. आपण भांडायलोत आणि ही माणसं हसायलीत कशाला, हे त्यांना कळेना. पण आबा यजमान होते. त्यांनी हात वर केला, “उठा, उठा, समदे हिकडं या! विस्तव हिकडं चांगला हाय.”

सगळे वरच्या आगटीभोवती आले. जागा कमी, माणसं फार. प्राध्यापक पोत्यावर सरकले. बाई जरा अंतर ठेवूनच बसल्या. आबांकडून शिकलेले प्राध्यापक कणीस चोळत होते. त्यांनी मूठभर दाणे बाईंपुढं धरले. बाईंनी खाल्ले आणि तोंड वाकडं करून काहीतरी म्हणाल्या. मी घाबरून पूजाकडं बघितलं. ती म्हणाली, “काय न्हाई काका. त्या म्हणतात, अर्धा तर भुसाच हाय, नीट चोळा.”

त्यांनी परत चोळलं. बाईंनी परत खोट काढली. या वेळी दोघांच्या मध्ये कुणीही अध्यक्ष नव्हतं.

दादा आगटीपाशी उभाच होता, भिजलेल्या पायांनी. आबांनी विस्तव हलवला आणि मान वर न करता म्हणाले, “बस. सरकतो म्या.”

सूनबाई नाही, सांग त्याला नाही. वहिनींनी माझ्याकडं बघितलं, आणि बघितलंच नाही असं करून दह्याचं गाडगं पुढं सरकवलं.

येताना देवगाव फाट्यावर दोन्ही गाड्या एकाच टपरीपुढं थांबल्या. माझी सीमा ओलांडायची कटकट वाचली.

पुण्यात शेवटच्या बैठकीच्या सकाळी मी सभागृह लावलं. झेंडे, पेले, खुर्च्या एका उंचीला. पालथी पाटी तशीच. मी पँट्रीच्या दाराच्या फटीतून बघत उभा राहिलो. बाई आल्या, खुर्चीवर बसल्या, पेल्यावरचं झाकण काढलं, एक घोट प्यायल्या. मग कागद चाळले. मला वाटलं, नाही करणार. मग त्यांनी सहज, जसं कुणी ताट सरळ करावं तसं, पाटी उचलून उभी केली. नाव माझ्याकडं वळलं. मी लावलेली अक्षरं सगळी बरोबर होती, ते परत एकदा वाचून घेतलं.

त्या दिवशी काही मोठं ठरलं नाही, उगीच कशाला फुगवून सांगू? दुपारपर्यंत पुन्हा आवाज चढले. पण अध्यक्षांमार्फत चढले. आणि पुढच्या वर्षीची बैठक पक्की झाली. कप रिकामे परत आले. एका कपात तर साखरेचा कणही राहिला नव्हता. मॅडम निवृत्त झाल्या, पण ती बैठक अजून भरते. कधी खालचे रागावतात, कधी वरचे. पाटी मात्र पुन्हा कुणी पालथी केली नाही.

मनात एक रुखरुख आहे. ज्या संस्थेच्या दारावरच ‘संवाद’ असं लिहिलंय तिथं मी जन्म काढला, पण घरचं मला जमलं नाही. आबांचं ते ‘बस, सरकतो म्या’ तेवढ्यापुरतंच राहिलं. दादा-आबांचं बोलणं पुन्हा बंद झालं. फरक पडला तो इतकाच, की चारीचं दार उघडायच्या आधी आबा आता वहिनींच्या मोबाईलवर मिस कॉल देतात. वहिनींनी तो उचलायचा नाही. नुसती रिंग वाजली की दादा फावडं घेऊन निघतो. हे मी एकदा बाईंना सांगितलं, पूजाकडून. त्या बराच वेळ हसल्या, मग गंभीर होऊन म्हणाल्या, “आमच्याकडं तेवढंही झालं तर पुष्कळ.”

त्या दिवशी शेतात हुरडा खाताना पाहुण्यांनी वहिनींचं नाव विचारलं होतं. वहिनी पदर सावरत म्हणाल्या, “माझं नाव कशाला? भावजींचं लिहा, ते तुमच्यातले हायेत.” मी ‘तुमच्यातला’ झालो तो कुणामुळं, हे त्या वेळी मला बोलता आलं नाही. कणसं करपत होती, ती काढायला मी आगटीवर वाकलो.

वहिनींनी माझं सभागृह अजून पाहिलेलं नाही. म्हशी कुणावर टाकायच्या, म्हणतात. नव्या संचालकांना विचारायचंही माझं धाडस झालेलं नाही. रोज दारापर्यंत जातो आणि परत येतो. पण विचारणार. एखाद्या रिकाम्या दिवशी वहिनींना देवगाव फाट्यावरून पुण्याच्या एसटीत बसवून आणीन, जसं त्यांनी मला बसवलं होतं तसं. गोल टेबलाशी खुर्ची देईन, पाय जमिनीला टेकतील अशा उंचीची. पुढं झाकलेला पेला, आणि नावाची पाटी: एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला राखेत शिकवलेल्या त्या इंग्रजी अक्षरांत. त्यांना चहा बशीत ओतून घेतल्याशिवाय गोड लागत नाही. आमच्याकडं आता बशा राहिल्या नाहीत, नुसते उंच कप. म्हणून शेवटची एक बशी मी पँट्रीच्या वरच्या फळीवर कागदात गुंडाळून ठेवली आहे. ती कुणालाही देत नाही.